जीन बोलत नाही

४ नोव्हेंबर २०२४

फराळाचे डबे रिकामे व्हायला आले आणि सूनबाईंनी मला कामाला लावलं. मृण्मयी सोसायटीच्या सांस्कृतिक समितीवर आहे. येत्या सव्वीस जानेवारीला क्लब हाउससमोर स्टेज घालणार, 'जुना जमाना' हा विषय. म्हणाली, "बाबा, कॉलेजात तुमचा बँड होता ना? दहा मिनिटं वाजवा की."

मी सांगितलं, आमच्यात गाणारा कुणी नव्हताच. नुसत्या गिटारी आणि ड्रम.

"मग बरंच आहे. शब्द विसरायची भीती नाही," शारदा स्वयंपाकघरातून म्हणाली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण हिचा टोमणा शिळा होत नाही.

नाही म्हणून टाकलं. पण दुपारी डोळ्याला डोळा लागला नाही. सत्तर साली पुण्यात आम्ही चौघे 'द ग्रे नाइट्स' होतो. करडे कोट, काळे अरुंद टाय, टोकदार बूट. त्यातला ड्रमवाला वारला, बेसवाला कॅनडात नातवंडं सांभाळतो. उरलो मी, मागे ठेका धरणारा. आणि गेणबा, पुढे सूर वाजवणारा. तो इथल्याच माणचा. आमच्या सूसपासून माण ते काय लांब? मुलाकडे राहायला येऊन तीन वर्षं झाली, त्या बाजूला दहा वेळा जाणं झालं, पण माणच्या रस्त्याला मी वळलो नाही. का, ते सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर

माळ्यावरून गिटार काढली. माझी जपानी आहे, मुंबईच्या गोदीतल्या एका खलाशाकडून घेतलेली. बँकेच्या बदल्यांबरोबर नाशिक, लातूर, कोल्हापूर असं फिरून शारदाने शिवलेल्या खोळीत ती सुखरूप राहिली. तारा बदलून आणल्या. अर्ध्या तासात बोटांची टोकं सोलवटली.

गेणबाची गिटार मात्र अस्सल माणची होती. बाहेरचा माल मिळत नव्हता आणि मिळाला तरी त्याला परवडला नसता. इंग्लंडातल्या ज्या चौघांच्या आम्ही नकला करायचो, त्यांच्या रेकॉर्डच्या वेष्टणावरचा फोटो घेऊन तो गावच्या सुताराकडे गेला. फोटोत गिटारीची पुढचीच बाजू. सुतार म्हणाला, पाठ कशी करू? आम्हा चौघांपैकी एकानेही पाठ पाहिलेली नव्हती. गेणबाने सांगितलं, तुझ्या मनानं कर. सुताराने ती पोटाला नीट बसेल अशी खोलगट केली. वर बैलगाडीच्या चाकाचा लाल रंग. तारांखालची चुंबकं आणि तांब्याच्या तारेची वेटोळी बुधवार पेठेतल्या एका रेडिओवाल्याने बसवून दिली. सूर थरथरवायला जो दांडा लागतो, तो सायकलच्या ब्रेकचा होता.

त्या दांड्याने जी थरथर यायची ती पुढे मी कुठल्याही महागड्या गिटारीत ऐकली नाही. मरण्याआधी ती गिटार एकदा ऐकायची आहे. बाकी काही नको.

१२ नोव्हेंबर

मृण्मयीला हो म्हणून बसलो.

जुना फोटो सापडला. आमची सगळी ऐट मी ठरवलेली. माझ्या अण्णा नावाचा अँडी मीच केला, गेणबाचा जीनही मीच. काळा चष्मा त्याला मी चढवला. उंच, सावळा, रुबाबदार गडी, पण तोंड उघडलं की 'हाय' आणि 'न्हाई'. कॅम्पातल्या पोरींनी ऐकलं असतं तर संपलंच. म्हणून नियम केला, जीन लोकांत बोलणार नाही, नुसता बघेल. पोरी आणखीच वेड्या झाल्या. बूट माझ्या थोरल्या भावाचे होते, गेणबाला बरेच आखूड. एकदा कार्यक्रमानंतर मोजे काढताना पाहिलं तर अंगठे रक्ताळलेले. पण कधी तक्रार नाही. इतका समजूतदार माणूस.

आमच्या पावलांचीही चर्चा व्हायची. त्या इंग्रज मंडळींना हलताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, फोटोत चौघांचा एक पाय पुढे एवढंच दिसायचं. त्यावरून आम्ही पावलं बसवली. दोन पुढे, गुडघे वाकवून खाली, गिरकी, परत मागे. ती मीच बसवली असणार, नक्की आठवत नाही.

बहात्तरच्या फेब्रुवारीत कॅम्पातल्या एका क्लबात पहिलं बक्षीस मिळालं. निवेदकाने माइक गेणबापुढे धरला. त्याने तोंड उघडलं मात्र, मी चपळाईने माइक ओढला आणि इंग्रजीत म्हणालो, "जीन बोलत नाही." काय हशा, काय टाळ्या! माझ्या आयुष्यातला सगळ्यात हजरजबाबी क्षण. त्यानंतर गेणबा तालमीला आलाच नाही. शेतातली कामं निघाली असतील. दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. गावाकडची माणसं अशीच, एकदा शेतात शिरली की शिरली.

२६ नोव्हेंबर

माणला जाऊन आलो. शारदाच्या स्कूटरवर मागे बसून. ती गाडी चालवते तेव्हा मी डोळे मिटून घेतो आणि तिला ते आरशात दिसतं.

कुठे काही ओळखू येईना. भाताची खाचरं होती तिथे काचेच्या इमारती आणि 'रूम भाड्याने देणे आहे'च्या पाट्या. चौकातल्या किराणा दुकानदाराला विचारलं, गिटार वाजवणारे गेणबा कुठे राहतात?

"गेणबा लई झाले गावात. गिटारवाला न्हाई कोन. बेंजोवाले हायेत एक, नाना म्हून."

"बेंजो नाही हो. इलेक्ट्रिक गिटार. बेंजो वरातीत वाजतो."

"आवो, त्येच तर सांगतोय."

"ते नव्हे," मी म्हणालो आणि निघालो. आमच्या जीनचा शोध घेताना मला वरातीतला बेंजोवाला दाखवतात.

"भेटायला काय जात होतं?" शारदा म्हणाली.

५ डिसेंबर

पुन्हा माण. आज भाडेकरूंना विचारलं. अमरावतीचा एक, नांदेडचा एक. त्यांना स्वतःच्या घरमालकाचंही पूर्ण नाव ठाऊक नाही, महिन्याला मोबाइलवरून भाडं धाडतात. दोघांनीही बेंजोवाल्या नानांचं नाव घेतलं. आता मला त्या नानाचाच राग यायला लागलाय.

कदाचित तो गेलाही असेल. हे उगाच लिहिलं.

८ डिसेंबर

मृण्मयीने संध्याकाळी टीव्हीवर त्या इंग्रज चौघांचा जुनी चित्रफीत लावली. जन्मात पहिल्यांदा ती माणसं हलताना पाहिली. दोन नाजूक पावलं इकडे, दोन तिकडे, बस. गुडघे वाकत नाहीत, गिरकी नाही, काही नाही. आमच्यासारखं एक पाऊल त्यात नव्हतं.

मी मृण्मयीला आमची पावलं करून दाखवली. गुडघ्याने परवानगी दिली तेवढी.

शारदा पोळी लाटायची थांबली. "अहो, ही तर लेझीम आहे. आमच्या शाळेत शिकवायचे."

म्हटलं, तुला काय कळतंय. पण जेवताना हात थांबत होता. मी सदाशिव पेठेत वाढलो. लेझीम मी कधी हातात धरलेली नाही.

१२ डिसेंबर

आज नीट लिहितो.

मारुंजीत दुपारी चारला लग्नाची वरात आडवी आली. टेम्पो, मोटारसायकली, सगळे खोळंबले. आम्ही स्कूटरवर त्यात अडकलो. शारदा वैतागून हॉर्न वाजवत होती आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कारण मला ती थरथर ऐकू आली. ढोल-ताशाच्या गदारोळातून एक सूर वर गेला, कापला आणि हळूच खाली उतरला. ब्रेकच्या दांड्याशिवाय तो सूर निघत नाही.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्णे बांधलेले. पोपटी झगझगीत शर्टातली दहा-अकरा माणसं. त्यांच्या पुढे पांढऱ्या केसांचा, पायात वहाणा, गळ्यात लाल गिटार घेतलेला गेणबा. ट्रॉलीवर लिहिलेलं, 'माऊली बेंजो पार्टी, माण'.

आणि तो बोलत होता. एका हातात माइक धरून थांबत नव्हता. "ओ नवरदेव, घोड्यावर बसलाय का खुर्चीवर? जरा ताठ बसा की, फोटो निगतोय! मामा, तुमी नाचू नका, टॉवेल सुटंल!" लोक पोट धरून हसत होते. एका वाक्यात तो शंभर माणसं हलवत होता.

शारदा म्हणाली, "उतरा. जा." मी उतरलो नाही. वरात पुढे गेली, रस्ता मोकळा झाला. घरी आलो तेव्हा तिने चहा पुढे ठेवला.

गेणबा बोलतो. हे मला माहीतच नव्हतं. दोन वर्षं रोज भेटायचो आणि मला माहीत नव्हतं.

१४ डिसेंबर

आज चौकात उतरून विचारलं, बेंजोवाले नाना कुठे राहतात? तिघांनी एकदम बोट दाखवलं. गावात गिटारीला बेंजोच म्हणतात. तारा छेडून वरातीत वाजतं ते सगळं बेंजो. पहिल्या दिवशी दुकानदाराचं ऐकलं असतं तर अठरा दिवस वाचले असते.

तीन मजली घर, वर भाड्याच्या खोल्या. त्याची सून वैष्णवी दारात होती. "मामंजी गच्चीत हायेत. बसा, येत्यालच बोलत बोलत."

"बोलत?"

"गप कवा बसत्यात? मानूस नसलं तर कबुतरांशी बोलत्यात."

रात्रभर जागून वाक्यं जुळवली होती. तो जिन्यावरून उतरला, शेवटच्या पायरीवर थांबला, मला खालीवर बघितलं आणि म्हणाला, "आलास व्हय. चा घेतलास का?"

मी नुसतं "गेणबा" म्हणालो.

"बरं झालं, जीन न्हाई म्हनलास," तो म्हणाला आणि आत ओरडला, "वैष्णवे, दोन चा. ह्याला साखर कमी दे, पोट बघ की त्याचं."

लाल गिटार खुंटीवर होती. रंगाचा तिसरा हात असावा. खाली काढून गळ्यात अडकवली तशी तिची खोलगट पाठ माझ्या पोटाला लागली आणि मला हुंदका आला. त्याने पाहिलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटत होतं मला ह्या गिटारीची आठवण येते. गिटार हातात होती आणि तरी मी त्याच्याकडेच बघत होतो.

३० डिसेंबर

आज पाचवी तालीम. सव्वीस तारखेचं त्याला सांगून ठेवलंय. "बगू," एवढंच म्हणतो.

मी विचारलं, पावलं कुणाची होती रे?

"आमच्या गावच्या तालमीतल्या लेझमीची. तुला म्हनलोबी हुतो तवा. तू म्हनलास, इंग्लिश वाटतंय, कुनाला सांगू नको."

मग विचारायचं ते विचारलं. का सोडलंस?

त्याने गिटार बाजूला ठेवली. "त्या दिशी माझा बा आलता. मागं दाराशी हुबा हुता, धोतरात. आत कोन घेईना, म्या रखवालदाराच्या पाया पडून घेतला आत. बक्षीस मिळालं तर बोलायचं म्हून दोन वाक्यं पाठ केलती. इंग्लिश. आठ दिस घोकली. ही गिटार आमच्या गावच्या सुतारानं केली, आन माझे वडील हितं आलेत. येवढंच."

त्याने कपातला गार चहा संपवला.

"घरी जाताना बा म्हनला, येवढी मान्सं हसली, ती तुला हसली का रं? मी न्हाई म्हनलो. त्याला इंग्लिश कुटं कळत हुतं."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय, चुकलंच," गेणबा म्हणाला. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. थोड्या वेळाने गिटार उचलून म्हणाला, "दुसऱ्या चालीत ठेका सुटतोय तुझा. त्यो बघ आधी."

बारा नोव्हेंबरला तो क्षण मी इथे मोठ्या ऐटीत लिहिला आहे. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

१० जानेवारी २०२५

समितीची बैठक. गेणबाने काल अट सांगितली होती, "माझी पार्टी येनार. चाळीस वर्सं संगं वाजवत्यात, त्यांना घरी ठिवून मी कोट घालून याचा न्हाई." मी उत्साहाने समितीत मांडलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, "अण्णासाहेब, तुम्ही दोघं या ना, सूटमध्ये. मागे रेकॉर्डेड ड्रम लावू. बेंजो पार्टी म्हणजे... आपल्या सोसायटीची एक इमेज आहे. आणि त्या गृहस्थांनी माइकवर काही बोलू नये, एवढं बघा."

मला वाटलं कुणीतरी माझंच जुनं वाक्य वाचून दाखवतंय. उठलो आणि बाहेर पडलो. मृण्मयी खाली मान घालून लिहीत होती.

१२ जानेवारी

गेणबाला सांगितलं. त्याला राग आला नाही, त्याचंच मला वाईट वाटलं. "मला ठावं हुतं. आन त्या दिशी आमची सुपारी बी हाय, मारुंजीची. लग्नाची." आधी सुपारी म्हटल्यावर दचकायचो, आता कळतं, कार्यक्रम ठरला की त्याला सुपारी म्हणतात.

मी म्हणालो, मग आपलं एकत्र वाजवणं?

"तू ये की आमच्यात."

मी हसलो. तो हसत नव्हता.

१९ जानेवारी

आठ दिवस काही लिहिलं नाही. त्र्याहत्तर वर्षांचा निवृत्त बँक मॅनेजर, पोपटी शर्टात, ट्रॉलीवर, भर रस्त्यात. मारुंजीत आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं भाजी घ्यायला जातात. आणि मृण्मयीने समितीला माझं नाव दिलंय, कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे. एकट्याने स्टेजवर वाजवलं तर कोट घालता येईल, टाळ्या मिळतील, फोटो निघेल. पण पुढे सूर वाजवणारा नसेल तर माझा ठेका म्हणजे नुसती खरखर. ते मला तेव्हाही माहीत होतं.

त्याच्याशेजारी उभं राहायचं आहे. एवढंच हवंय, नोव्हेंबरपासून एवढंच हवं होतं. मग भीती कसली वाटते?

२२ जानेवारी

मृण्मयीला सांगितलं. तिचे डोळे भरले. "बाबा, मी तिथे काहीच बोलले नाही, तुम्हाला त्याचा राग आलाय का?" मी म्हणालो, नाही गं, मीही एकदा असाच वागलो होतो, तुझ्यापेक्षा वाईट. तिला कळलं नसावं. पण संध्याकाळी स्वतःच पत्रिकेवरचं माझं नाव खोडून आली.

शारदा पोपटी शर्टाची शिवण उसवून पोटाला जागा करते आहे. म्हणते, रंग खुलतोय तुम्हाला. थट्टा की खरं, ह्या वयातही कळत नाही.

२७ जानेवारी

अंग ठणकतंय. तरी बसून लिहितोय.

काल पाच वाजता ट्रॉलीवर चढलो. चढवलं म्हणायला हवं, ढोलवाल्या नथूने आणि आणखी एकाने काखेत हात घालून. पायात वहाणा. पहिल्या चालीत मी तीनदा चुकलो. माझं जपानी वाद्य त्या ढोलांपुढे ऐकूच येईना, मग नथूने माझ्या कर्ण्याचा आवाज वाढवला. दुसऱ्या चालीत हात बसला. गेणबा माझ्यापुढे दोन हातांवर उभा होता, पांढरी मान, घामाने भिजलेली कॉलर. त्याने दांडा दाबला, सूर थरथरला आणि माझा ठेका त्याच्याखाली नेमका जाऊन बसला. एकोणिसाव्या वर्षी बसायचा तसा. मला इतकं बरं वाटलं की भीती वाटली, आता संपेल म्हणून.

मारुंजीच्या चौकात सोसायटीतले दोघं दिसले, हातात पालेभाजीची पिशवी. मी मान वळवली नाही. शारदा स्कूटर ढकलत वरातीबरोबर चालत होती आणि नवरीकडच्या बायका तिला नाचायला ओढत होत्या.

चौकात वरात थांबली. नवरीचे मामा ट्रॉलीपाशी आले आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडले, "नाना, ह्ये नवीन कोन घेतलं?"

गेणबाने माइक तोंडाशी नेला. काहीतरी चावरं बोलणार, मी तयारच होतो. हसणाऱ्यांत सामील व्हायचं ठरवलं होतं.

"नवीन न्हाई," तो म्हणाला. "आमच्यातलंच हाय. वाईच उशिरा आलं."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलं नसावं. माझ्या डोळ्यांपुढच्या तारा मात्र दिसेनाशा झाल्या. गेणबाने मागे वळून बघितलं नाही, माइक खाली ठेवला आणि पुढची चाल सुरू केली. मी ठेका धरला.